हलकं बटण

जुन्या घरगुती कॉम्प्युटरांचे माऊस दुरुस्त करणं हा आमचा धंदा. पोटात रबरी गोळी असलेले, वायरीच्या टोकाला नऊ पिनांचा प्लग, तसले. शौकिनांना अस्सलच लागतात, नक्कल दाखवली की नाकं मुरडतात. नवरा माऊस उघडतो, तुटलेली वायर जोडतो. मी गोळ्या धुते, रुळांवरचा मळ खरवडते आणि गिऱ्हाइकांशी बोलते, कारण दोन शब्द सुनावायची वेळ आली की तो कच खातो. पण कुठला माऊस जगवायचा, कुठला सुट्या भागांसाठी फोडायचा आणि दुरुस्त झालेला कुठला पास करायचा, हे सासऱ्यांनी ठरवायचं. डोळे मिटून बटण दाबायचे, आणि त्यांचं बोट म्हणेल ती पूर्व दिशा.

गेल्या थंडीत ते माऊसमागून माऊस नापास करायला लागले. बटण जड आहे म्हणायचे. नवऱ्याने स्विच उघडून आतली तांब्याची पट्टी किंचित वाकवली, बटण हलकं झालं. पुढचाही जड. त्याच्या पुढचाही. मग निवडसुद्धा उलटी झाली. ठणठणीत, कमी वापरलेले माऊस फोडायच्या खोक्यात, आणि वापरून वापरून बटणं पार ढिली झालेले मरतुकडे जगवायला. गिऱ्हाइकं बोंब मारायला लागली, बोट नुसतं टेकलं तरी क्लिक होतंय म्हणून. त्यांच्या शिव्या अर्थातच माझ्या वाट्याला.

तोवर सासऱ्यांच्या शर्टाची वरची गुंडी उघडीच राहायला लागली होती. कपही दोन्ही हातांनी धरायचे.  मी नवऱ्याला म्हटलं, माऊसला काही धाड भरलेली नाही, बिघडलाय तो हात. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, हे किती दिवस चालवणार आहेस? तो म्हणाला, एवढं एकच काम उरलंय त्यांच्याकडे, तेही काढून घेऊ का?

आणि त्याने काय करावं? निवडीला आलेला असो की दुरुस्त झालेला, पट्टी वाकवूनच माऊस बापापुढे ठेवायचा. त्यांनी पास केला की मागच्या खोलीत नेऊन पट्टी परत होती तशी करायची, आणि मग पाठवायचा. तक्रारी थांबल्या. सासरे खूश. तुझा हात आता बसला बघ, असं लेकालाच शाबासकी द्यायला लागले. बोटांना मुंग्या येतात म्हणून ते आपणहून डॉक्टरकडे जाणार होते, तेही राहिलं. बोट तर झकास चालतंय की, म्हणाले. मी आदळआपट केली, अबोला धरला, आणि शेवटी मूग गिळून बसले.

उन्हाळ्यात एका बंद पडलेल्या दुकानाच्या मालातून कधीच न उघडलेला माऊस आमच्याकडे आला. सीलबंद खोकं. आमच्या धंद्यात हे म्हणजे घबाडच. नवरा बाहेर गेला होता. सासऱ्यांनी मला पिशवी फाडायला लावली, माऊस हाताखाली घेतला आणि बटण दाबलं. आवाज आला नाही. पुन्हा दाबलं. शेवटी डाव्या हाताने उजवं बोट खाली रेटलं, तेव्हा कुठे ते वाजलं.

"हा तर नवा आहे," ते म्हणाले.

मी खाली मान घातली. ते उठले. स्वतः पास केलेले, पाठवायला बांधून ठेवलेले माऊस त्यांनी एकेक करून सोडवले आणि दाबून पाहिले. एकही वाजला नाही. नवरा परत आला तेव्हा ते सगळे टेबलावर पडले होते. सासऱ्यांना त्याला काही विचारावंच लागलं नाही, त्याच्या तोंडावर सगळं दिसत होतं.

त्यांना दवाखान्यात नेलं तेव्हा कळलं, मानेतली नस दबली होती. डॉक्टरांनी आम्हा दोघांना बाहेर बोलावून सांगितलं, ऑपरेशनने दुखणं पुढे वाढायचं थांबेल, पण गेलेली ताकद परत येईल अशी आशा ठेवू नका. थंडीतच आणलं असतं तर हात वाचला असता.  मला नवऱ्याचा संताप आला, आणि त्याच्याहून जास्त माझा.

आत गेल्यावर त्याने डोळे पुसले, बापाच्या उशाशी बसला आणि हसरं तोंड केलं.

"बाबा, ऑपरेशन झालं की हात पहिल्यासारखा होईल."

 सासऱ्यांनी नजर माझ्याकडे वळवली.

"सूनबाई, डॉक्टर काय म्हणाले ते तू सांग."

नवऱ्याने माझं मनगट धरलं. मी ते सोडवून घेतलं आणि सगळं सांगितलं, थंडीतच आणायला हवं होतं इथपर्यंत.

"बरं," ते म्हणाले. मग लेकाला म्हणाले, "तू बाहेर बस."

तो बाहेर जाऊन बसला. ऑपरेशनला नेईपर्यंत त्यांनी त्याला आत बोलावलं नाही.