फुलानंतरचे साडेअकरा महिने

मित्रांनो, कुंडीच्या मातीत खांद्यापर्यंत बुडालेला, दिसायला थेट कांद्यासारखा, असा मी लाल लिलीचा एक जुना कंद आहे. रोपवाटिकेच्या पाटीवर माझे नाव अ‍ॅमरिलिस असे लिहितात. धुळ्यापासून यावलपर्यंत त्या नावाने मला अजून कोणी हाक मारलेली नाही. चैत्रात माझ्यातून पोकळ दांडा वर येतो आणि त्यावर कर्ण्याच्या आकाराची चार फुले उमलतात. ती पंधरा दिवस टिकतात. तेवढ्या काळात माझी छायाचित्रे निघतात, शेजारणी मला पाहायला येतात. उरलेल्या साडेअकरा महिन्यांविषयी मनुष्यजात जे मौन पाळते, ते निर्जळी उपवासाइतके कडक असते. त्या मौनापायी माझा जीव जाणार होता, म्हणून आज बोलतो.

माझा जन्म धुळ्यातल्या एका घरचा. आईच्या कुशीला चिकटून मी फुटलो. त्या घरची मुलगी रईसा लग्न होऊन यावलला निघाली, तेव्हा तिने मला वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातले. पुढची चौदा वर्षे तिच्या अंगणात मी दर चैत्रात फुललो. त्यात माझी हुशारी कमी आणि तिची शिस्त अधिक. फुले सुकली की ती फक्त दांडा बुडाशी कापी. पानांना हात लावीत नसे. ती पाने उन्हात राहत, त्यांना पाणी मिळे, मूठभर शेणखत मिळे. हिवाळ्याच्या तोंडाशी ती पाणी तोडी. पाने आपणहून पिवळी पडून गळत आणि मी कोरड्या मातीत दोन महिने झोपे. माघ सरताना ती पुन्हा पाणी घाली. एवढेच. यासाठी ग्रंथालय लागत नाही.

मग तिचा नवरा शकील याला नरडाण्याच्या एका कारखान्यात काम मिळाले. तिथली खोली एकच, आणि खिडकी भिंतीकडे तोंड करून. उन्हाविना मी जगणार नव्हतो. रईसाने कुंडी उचलून शेजारच्या कौतिक आबांच्या ओट्यावर ठेवली.

"आबा, माझ्या अम्मीच्या घरचं आहे. आम्ही परत येईपर्यंत सांभाळाल?"

"माह्या हातानं अर्ध्या तालुक्याची केळी लागली, रईसा. हे त कुंडीतलं पोरगं!"

"फुलं गळाली की दांडा कापा फक्त."

"सांगू नको वं. ते मले पोटात असतानापासून येते."

मित्रांनो, कौतिक आबा आळशी असते तर मी सुखात राहिलो असतो. दुर्लक्षाने मरणारे थोडे असतात. चुकीच्या विषयातल्या तज्ज्ञाच्या हाती गेलेले मात्र सहसा वाचत नाहीत. आबांनी पन्नास वर्षे केळी केली होती. केळ एकदाच निसवते, म्हणजे एकदाच फुलोरा टाकते. घड उतरला की ते खोड कापायचे, कारण त्याचे आयुष्य संपलेले असते. भोवती फुटणारी पिलेही घडाचे अन्न खातात, म्हणून तीही वेळोवेळी छाटायची. केळीपुरता हा धर्म बिनचूक आहे. आबांनी तो मला लावला. फुले गळताच त्यांनी विळा घेतला आणि दांड्यासोबत माझी सहाही हिरवी पाने मानेपासून उतरवली. शेजारी फुटलेली माझी दोन पिल्ले खुडली. वर केळीला देतात तसे रोज तांब्याभर पाणी. माझ्या अंगावर ऊन खाणारे एक पान नाही आणि पायाशी सदैव चिखल. हे सर्व अपार मायेने. क्रौर्य असते तर मला निदान संताप तरी करता आला असता.

पुढच्या वर्षी चैत्र सरून आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली तरी मी फुललो नाही. दोन दुबळी पाने काढली. आबांनी वाट पाहून तीही कापली. पीक आले नाही म्हणून मशागत चुकवणारे ते नव्हते. पण त्यांची झोप उडाली. कुणाच्या माहेरची ठेव आपल्या ओट्यावर मरते आहे, हे त्यांना कळत होते आणि का, ते कळत नव्हते. रईसाचा फोन आला की ते म्हणत, "कळी दमानं येऊ राह्यली." श्रावणात तिने व्हिडिओ कॉल लावला, तेव्हा त्यांनी फोन अंगणातल्या लाल कर्दळीसमोर धरला.

"पाह्य! कशी फुलली."

 मागून त्यांची सून पुनम हसत ओरडली, "आबा, ती त कर्दळ! रईसाभाभी काय आंधळी हाये?"

रईसा फक्त एवढेच म्हणाली, "छान आहे, आबा." आणि रविवारी बसने यावलला आली.

तिने मला मातीतून काढून तळहातावर घेतले, बोटांनी दाबून पाहिले. मान मऊ पडली होती; बूड मात्र अजून टणक होते.

"पानं कोणी कापली?"

"म्याच." आबा ओट्याच्या कडेला बसले. "केळीसारखी. वरून तुह्याशी खोटं बोललो. तू घेऊन जाय ह्याले. माह्यापाशी ठेवशीन त हा मरीन."

"आबा, केळ एकदाच निसवते. हा दरवर्षी निसवतो. पुढच्या वर्षीचं फूल याच पानांनी कमावलेल्या अन्नातून तयार होतं."

आबांनी शेजारचा विळा पायाने दूर सारला. "पन्नास वर्षांत मले कोनी सांगलं नाही."

"पन्नास वर्षं तुम्ही कोणाला सांगू दिलं, आबा?" पुनम म्हणाली, आणि आबासुद्धा हसले.

रईसाने माझा कुजलेला भाग खरवडला, त्यावर चुलीतली राख चोळली, दोन दिवस मला फडताळात कोरडे ठेवले. मग वाळू मिसळलेल्या मातीत, मान वर राहील असे लावले. आणि कुंडी पुन्हा आबांच्याच ओट्यावर ठेवून ती नरडाण्याला परतली. आबा बसथांब्यापर्यंत "नको वं, नको" म्हणत मागे गेले. तिने ऐकले नाही.

या आखाजीलाही मला फूल आले नाही. पाच पाने आली, रुंद, गडद. आबांनी रईसाला तसेच कळवले. सणाला त्यांचे व्याही रुपचंद आले. ओट्यावर बसल्या बसल्या त्यांची नजर माझ्यावर गेली.

"फूल ना फळ, नुसता पाला. आणा विळा, साफ करून देतो."

"हात लावू नका, रुपचंदभाऊ," आबा म्हणाले. "ते जेवू राह्यलं."

मित्रांनो, पुढच्या चैत्रात मी फुलेन की नाही, हे मला ठाऊक नाही. वचन देणे हे कंदाचे काम नव्हे. तुमच्या दारी कोणी फुलून मोकळे झाले असेल, तर दांडा कापा, पाने राखा. त्याला ऊन द्या, मोजके पाणी द्या आणि थंडीत झोपू द्या. कोणी जेवत असताना त्याच्यापुढून ताट ओढू नये, एवढे तर तुम्हाला घरी शिकवलेच असेल.