लाल पाठीच्या गोगलगायी

माझी नेलपॉलिशची बाटली गोगलगायींवर संपेल, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण आमच्या नणंदबाईंनी कॉलेजात पर्यावरणाचा विषय घेतला होता. तेव्हापासून घरात काहीही होऊ शकत होतं.

झालं असं, की परसातली मामंजींची कोवळी रोपं गोगलगायी फस्त करायला लागल्या. मामंजींनी विषारी गोळ्यांचं पाकीट आणून ठेवलं. पण कुंपणाच्या झुडपात पक्ष्यांच्या एका जोडीनं घरटं केलं होतं, त्यात पिल्लं होती, आणि ती जोडी गोगलगायी खायची. विष खाल्लेली गोगलगाय त्यांच्या पोटात गेली तर? नणंद हटून बसली.

“बाबा, आधी मोजू तर द्या. थोड्या असल्या तर मी हातानं वेचीन.”

“आणि ढीगभर निघाल्या तर?”

“तर टाका गोळ्या.”

मोजायची रीत कॉलेजात नुकतीच शिकवली होती. वाडगाभर गोगलगायी पकडायच्या, खूण करून सोडायच्या, आठवड्यानं पुन्हा तेवढ्याच पकडायच्या. त्यात खुणेच्या बऱ्याच सापडल्या तर एकूण थोड्या. अगदी कमी सापडल्या तर एकूण पुष्कळ. खूण म्हणजे पाठीवर माझी लालभडक नेलपॉलिश.

“कुणाच्या लग्नाला निघाल्यात गं या?” मी विचारलं. ती हसलीसुद्धा नाही.

आठवड्यानं पुन्हा वाडगा भरला. त्यात लाल एकच. पोरीचा चेहरा पडला. मोजून झाल्यावर तिनं सगळ्या परत सोडल्या.

“बऱ्याच लाल सापडल्या म्हणून सांग,” मी म्हटलं. “मामंजी काय तपासायला येणारेत?”

“खोटं सांगू? मग शिकतेय कशाला?”

तिनं बापाला खरं तेच सांगितलं. ठरल्याप्रमाणे मामंजींनी त्याच संध्याकाळी गोळ्या टाकल्या. मला तिचा रागच आला. एवढा खरेपणा काय चाटायचाय?

दुसऱ्या दिवशी मामंजींनी मेलेल्या गोगलगायी वेचल्या, तर दोन वाडगेही भरेनात. म्हणजे मुळात होत्याच थोड्या; मग लाल गेल्या कुठे? नणंद तशीच कुंपणाकडे धावली. मी मागोमाग गेले. झुडपाखालच्या सपाट दगडावर फुटक्या शंखांचा खच पडला होता, आणि जवळजवळ सगळे लाल. मातीच्या रंगाच्या गोगलगायी सोडून पक्ष्यांनी नेमक्या आमच्या नटवलेल्या उचलल्या होत्या. दगडाशेजारी जोडीतला एक पक्षी पाय आखडून पडला होता.

मामंजी गुडघे टेकून उरलेल्या गोळ्या वेचायला लागले.

“वहिनी,” ती म्हणाली, “तुझं ऐकून खोटं सांगितलं असतं ना, तर तेच खरं निघालं असतं.”

घरट्यातली पिल्लं भुकेनं ओरडत होती. तेवढ्यात जोडीतला दुसरा पक्षी चोचीत गोगलगाय घेऊन आला, आणि त्याला हुसकावून लावायला आम्ही दोघी टाळ्या वाजवत धावलो.