माती लाल आहे का

घरात पाऊल टाकून अर्धा तासही झाला नव्हता. सिंगापुरातल्या, क्वीन्सटाउनच्या आमच्या फ्लॅटमध्ये बारा दिवसांचा कोंदट वास बसला होता. सगळे पंखे लावून मी हॉलमध्येच बॅग उघडली आणि प्रबोधच्या गंजीत गुंडाळलेली ऑलिव्ह तेलाची बाटली सोडवायला लागले. ही बाटली अण्णांसाठी होती. दिवाळीला सांगलीला जाणार होते, तेव्हा त्यांच्या हातात द्यायची होती.

"अनघा, जरा बस," प्रबोध म्हणाला.

"बसते काय! दूध नाहीये घरात. आधी खाली जाऊन ये."

"बस गं."

बसले. आणि त्याने सांगितलं की अण्णा गेले. परवाच्या नव्हे, त्याच्या आधीच्या रविवारी. रात्री. हार्टचं झालं. फार त्रास झाला नाही म्हणे.

मी बोटांवर दिवस मोजले. रडायच्या आधी मोजले, याची मला अजून लाज वाटते. रविवार, सोमवार, मंगळवार करत करत आजच्या मंगळवारपर्यंत आले आणि दहा बोटं संपली.

"म्हणजे आज दहावा?"

"हो. तिकडे सकाळपासून घाटावर आहेत. इथल्या साडेबाराला निशिकांत व्हिडिओ कॉल लावेल. मी सांगून ठेवलंय."

सांगून ठेवलंय! माझा बाप जाऊन दहा दिवस झाले आणि याने माझ्या भावाला सगळं सांगून, ठरवून ठेवलंय. पंचवीस वर्षं बँकेच्या कम्प्लायन्समध्ये काढलेला माणूस. प्रत्येक गोष्टीची तजवीज आधी. पुढे म्हणतो, "लग्न झालेल्या मुलीला सुतक तीनच दिवसांचं असतं. मी गुरुजींना विचारलं. आणि तिथून निघूनही तू वेळेवर पोचली नसतीस. सकाळी लवकर नेलं त्यांना. मग म्हटलं, बारा वर्षांनी आलीय, तिला कशाला..."

तेलाची बाटली मी जमिनीवर ठेवली. फोडावीशी वाटत होती. पण ती अण्णांची होती ना.

बारा वर्षं मात्र खरी. या सहलीचं घोडं बारा वर्षं पेंड खात होतं. कधी फ्लॅट घेतला म्हणून, कधी रुचिरची परीक्षा, कधी प्रबोधचं ऑडिट, मग कोविड. ऑक्टोबरात दक्षिण इटलीला जायचं, खेड्यात, शेतावरच्या दगडी घरात राहायचं, एवढंच माझं मागणं होतं. ऊन खायला जातो म्हटल्यावर इथले सगळे हसले. रुचिर, माझा मुलगा, सध्या नॅशनल सर्व्हिसला, म्हणजे सक्तीच्या लष्करी सेवेला, कॅम्पमध्ये असतो. तो त्याच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला, "हिअर ऑल्सो गॉट सन, व्हॉट! बट गो लाह, आई, गो." त्याला काय सांगू? सिंगापूरचं ऊन अंगाला चिकटतं. मला ते कोरडं ऊन हवं होतं, अण्णांच्या फळ्यावरचं.

अण्णा भूगोलाचे मास्तर. पद्माकर सर म्हटलं की सांगलीत आजही माणसं खुर्ची सोडून उठतात. म्हणजे उठायची. त्यांनी चौतीस वर्षं आठवीला भूमध्य सागरी हवामान शिकवलं. हिवाळ्यात पाऊस, उन्हाळे कोरडे, ऑलिव्ह, द्राक्षं, अंजीर. वर्गात मीही होते. खडूने इटलीचा बूट काढायचे, एका रेघेत, हात न उचलता. स्वतः मात्र उभ्या जन्मात मुंबईच्या पलीकडचा समुद्र पाहिला नाही. मी म्हणायचे, चला आमच्याबरोबर. "द्राक्षं तासगावलाही आहेत गं," म्हणायचे, "तू बघ आणि मला सांग."

आणि मी सांगत होते! 'आपली माणसं' नावाचा आमचा ग्रुप आहे, काका, आत्या, मावसभावंडं, पंचवीस जण. त्यात रोज फोटो टाकत होते. पहिले दोन दिवस अण्णांनी एकेका फोटोवर प्रश्न विचारले. ऑलिव्हचं पान उलटं करून बघ, खालून चंदेरी असतं का? घरांची छपरं शंकूसारखी दिसतायत, चुना लावलाय की नुसते दगड रचलेत? मी आपली शहाण्या मुलीसारखी पानं उलटून बघत होते. रविवारपासून त्यांचे प्रश्न बंद झाले. मी विचारलं तेव्हा प्रबोध म्हणाला, "त्यांचा फोन बिघडलाय म्हणे." मला खरं वाटलं. का नाही वाटणार? याच्या बोलण्यावर मी सत्तावीस वर्षं विश्वास ठेवत आलेय.

आता मी तो ग्रुप उघडला आणि वर वर सरकवत गेले. सोमवारी मी अंजिराच्या झाडाखालचा फोटो टाकलाय. टोपी घालून, दात काढून हसतेय. त्यावर सुरेखाआत्याने लिहिलंय, "किती गोड दिसतेस! मजा करा." सुरेखाआत्या म्हणजे अण्णांची सख्खी बहीण. ती तेव्हा घरात जमिनीवर बसलेली असणार, नुकतीच भावाला पोचवून. त्याखाली दहा-बारा जणांचे अंगठे. मंगळवारी "वाह!" बुधवारी "मस्तच!" माझ्या बापाचं सुतक पाळत पंचवीस माणसं मला छान छान म्हणत होती.

"हे तू करायला लावलंस?"

"मी फक्त कळवू नका म्हटलं होतं. फोटोंवर गप्प राहिले असते तर तुला संशय आला असता, असं निशिकांतला वाटलं."

"आणि रुचिरला?"

मी कॅम्पवर मेसेज टाकला, "तुला माहीत होतं?" लगेच उत्तर आलं. "सॉरी आई. बाबा सेड वेट." घरात फक्त मलाच माहीत नव्हतं!

मग मी खूप बोलले. काय काय बोलले ते सगळं लिहिणार नाही. शेजारच्या मिसेस टॅननी जाळीच्या दारातून डोकावून पाहिलं आणि परत गेल्या, एवढ्यावरून ओळखा. लाल मातीवरून तर मला वेडच लागायची पाळी आली. तिथली माती लालभडक, आपल्या महाबळेश्वरसारखी. बुधवारी शेताच्या बांधावर बसून मी चिमूटभर गोळा केली, अण्णांना दाखवायला. बांधायला काही नव्हतं. तेव्हा याने स्वतःच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या खिशात ओतून डबी रिकामी केली आणि माझ्यापुढे उघडी धरली. तेव्हा अण्णांची राख होऊन दोन दिवस झाले होते आणि याला ते माहीत होतं.

"डबी धरताना तुझा हात नाही कापला?"

"कापला," तो म्हणाला. मग अगदी हळू, "अनघा, हाँगकाँगच्या वेळी तू मला सांगितलं नव्हतंस. मी काही बोललो होतो का?"

ते खरं होतं. चौदा वर्षांपूर्वी तो इंटरव्ह्यूला हाँगकाँगला गेला असताना पुण्यात त्याची आई घसरून पडली होती, आयसीयूत होती. मी दोन दिवस दाबून ठेवलं. रोज फोनवर "आई मजेत आहेत" म्हणत होते. परत आल्यावर सांगितलं तेव्हा त्याने माझा हात धरला. "बरं केलंस," म्हणाला. त्या शाबासकीवर मी कित्येक वर्षं मिरवलेय. चारचौघींत सांगितलंय, माणसाला दूरदेशी बातमी कशी द्यावी आणि कशी देऊ नये. पेरलं तेच उगवलं होतं.

पण हरायचं कसं? मी म्हटलं, "तुझी आई वाचली होती."

त्यावर तो उठून स्वयंपाकघरात गेला. ओट्यावर नुसता हात ठेवून उभा राहिला. मी आंघोळ केली, डोक्यावरून पाणी घेतलं. गुरुजींनी सांगितलेले तीन दिवस मी अंजिरं खाण्यात घालवले होते. आता पाणी तरी घ्यावं म्हटलं. शॉवरखाली रडले. बाहेर येईपर्यंत बारा वाजून गेले होते.

साडेबाराला निशिकांतचा फोन आला. माझा धाकटा भाऊ. मुंडण केलेलं, उघड्या अंगाने घाटावर उभा. एरवी आम्ही दोघं भांडत असतो, आज त्याने नुसताच फोन फिरवून घाट दाखवला. मागे कृष्णा संथ, गढूळ. पाच-सात माणसं. दगडावर केळीच्या पानात पिंड ठेवलेला आणि सगळ्यांच्या माना वर, भिंतीकडे. भिंतीवर तीन कावळे बसलेले.

"अर्धा तास झाला ताई. शिवत नाहीये," तो म्हणाला. "सगळ्यांनी सांगून बघितलं. आत्याला सांभाळू म्हटलं, पुस्तकं वाचनालयाला देऊ म्हटलं. खाली उतरतो, पिंडाच्या जवळ येतो आणि परत फिरतो."

अण्णांचा या गोष्टींवर विश्वास नव्हता. माझाही नाही. पण तिथे दगडावर तो भाताचा गोळा तसाच पडलेला पाहिला आणि वाटलंच. काहीतरी मागे राहिलंय माणसाचं. काय राहिलंय?

"तू बोल," निशिकांत म्हणाला. "मला वाटतं त्यांचं तुझ्यातच अडकलंय. त्या दिवशी तुझ्याशी बोलायचं होतं ना त्यांना."

"कुठल्या दिवशी?"

"रविवारी गं. दुपारी छातीत दुखायला लागलं म्हणून दवाखान्यात नेलं. चांगले बोलत होते. म्हणाले, अनघाला लाव. तुझा फोन लागेना, रेंज नव्हती, म्हणून प्रबोधरावांना लावला. साधारण पाच वाजले होते इकडे. ते म्हणाले, तू समुद्रात पोहतेयस, संध्याकाळी देतो. आठला गेले." तो नाक ओढत थांबला. "फार काही नव्हतं ताई. ये असंही म्हणत नव्हते. मला म्हणाले, तिला फक्त विचार, तिथली माती लाल आहे का."

सांगलीत पाच, म्हणजे इटलीत दुपारचा दीड.

रविवारी दुपारी दीड वाजता मी कुठे होते ते मला पक्कं ठाऊक आहे. रविवारी आम्ही समुद्रावर गेलोच नव्हतो. समुद्र तिथून तासाभरावर, तिकडे आम्ही शुक्रवारी गेलो होतो. रविवारी शेतावरच, झाडाखाली टेबल मांडून मालकीणबाईंनी जेवायला वाढलं होतं. वांग्याचं काहीतरी, पाव, टोमॅटो. मी प्रबोधच्या शेजारी बसले होते, खांद्याला खांदा लावून. त्याचा फोन वाजला तसा तो उठून दोन झाडं पलीकडे गेला. परत आल्यावर मी विचारलं, "कुणाचा रे?" "ऑफिसचा." "रविवारी?" "ऑडिट आहे." मी म्हटलं, "आग लागो तुझ्या ऑडिटला," आणि त्याच्या ताटात वांगं वाढलं.

मी मान वर केली. प्रबोध स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. स्पीकरवरचं सगळं त्याने ऐकलं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि खाली पाहिलं.

"ताई? ऐकू येतंय का? समुद्रात होतीस ना तू?"

घाटावरची सगळी माणसं फोनकडे बघत होती. काका होते, निशिकांतचे सासरे होते, गुरुजी होते. एक शब्द बोलले असते तर या माणसाला माझ्या माहेरी पुन्हा कुणी पाटावर बसवलं नसतं. मला बोलायचं होतं. देवाशपथ, जिभेवर आलं होतं. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"हो रे," मी म्हटलं, "समुद्रात होते मी."

"मग सांग आता त्यांना." त्याने फोन पिंडाकडे धरला.

पडद्यावर पांढरा भात, वर काळे तीळ. मी म्हटलं, "अण्णा, माती लाल आहे. लालच आहे. मी घेऊन आलेय." एक कावळा भिंतीवरून खाली आला. पिंडापासून हातभर अंतरावर बसला, मान तिरपी करून त्याने फोनकडे बघितलं. मग तो उडाला आणि नदीकडे गेला, त्याच्यामागे बाकीचे दोन.

गुरुजींनी अजून दहा मिनिटं वाट पाहिली. मग म्हणाले, ऊन चढलंय, आता थांबून उपयोग नाही. त्यांनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. निशिकांत म्हणाला, "ठेवतो ताई," आणि पडदा काळा झाला.

"जेवण तरी होऊ दे तुझं, असं वाटलं गं," प्रबोध दारातूनच म्हणाला. "लगेच निघाली असतीस. म्हटलं, जेवू दे. संध्याकाळी देऊ. मला काय माहीत..."

खरं बोलत होता. मला कळत होतं की हा अगदी खरं बोलतोय, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

बॅगेच्या कप्प्यातून मी गोळ्यांची डबी काढली आणि पर्समध्ये टाकली. तेलाची बाटली परत गंजीत गुंडाळली. तेराव्याला पोचायचं होतं. लॅपटॉप उघडून तो डायनिंग टेबलाशी बसला. रात्रीची मुंबईची फ्लाइट आहे म्हणाला, तिथून गाडी करू. मग विचारलं, "दोन काढू ना?"

"एक काढ."

त्याने मान हलवली आणि टाइप करायला लागला.

"आणि प्रबोध," मी म्हटलं, "निशिकांतने कधी विचारलं तर लक्षात ठेव. रविवारी दुपारी मी समुद्रात होते."