डोकं दुखतंय तोवर

मोतीरामने चहाचा कप अर्धाच खाली ठेवला, तशी आतल्या खोलीत संध्याने पायात बूट चढवले. कुणी कुणाला हाक मारली नाही. मोतीरामच्या डाव्या डोळ्यातून पाणी यायला लागलं होतं आणि त्याच बाजूची पापणी जराशी खाली उतरली होती. एवढं दिसलं की पुढचं घरात सगळ्यांना ठाऊक असायचं. कडूबाईने नवऱ्याच्या कपावर बशी झाकली आणि दार उघडून धरलं.

"चला मामा," संध्या म्हणाली. सासऱ्याला ती मामा म्हणे.

"चल बाई. आला पाव्हणा."

पाव्हणा हे त्या दुखण्याचं घरातलं नाव. फाल्गुन सरत आला की तो यायचा, महिना-दीड महिना मुक्काम ठोकायचा आणि कडुनिंबाचा फुलोरा झडता झडता निघून जायचा. तेवढ्या दिवसांत मात्र रोज उन्हं कलली की हजर. सगळं डोकं त्याला लागत नसे, डाव्या डोळ्यामागची एक खोली पुरे. पण तिथे तो असा काही नांदायचा की ज्या मोतीरामने एसटीत उभी हयात कंडक्टरकी करून कुणावर कधी आवाज चढवला नाही, तो भिंतीवर कपाळ आपटायचा. त्यापायी दोन दाढा काढून झाल्या होत्या, चष्मे बदलून झाले होते. एकदा कन्नडच्या गाडीवर असताना पाव्हणा आला, तर लाल डोळा बघून एका प्रवाशाने कंडक्टर दारू पिऊन आलेत म्हणून तक्रार ठोकली होती. नातेवाइकांपैकी कुणी अंगारा घेऊन आलं की मोतीराम त्याला चहा पाजायचा आणि अंगाऱ्याची पुडी त्याच्याच खिशात परत घालायचा.

यंदा घाटी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दुखण्याला त्याचं खरं नाव दिलं. क्लस्टर डोकेदुखी. मेंदूचा फोटो काढला, हृदय तपासलं, आणि मग सांगितलं की गोळ्यांपेक्षा याला ऑक्सिजन लागू पडतो. ताठ बसायचं, तोंडावर मास्क घट्ट धरायचा आणि सिलिंडर जोरात सोडायचा. शेवटी त्या म्हणाल्या, "आणि सुरुवात होतेय असं वाटलं की जीव खाऊन चढ चढून बघा. सगळ्यांचं नाही थांबत, पण काहींचं थांबतं. एकटे मात्र जाऊ नका."

मोठा सिलिंडर आणि सोबत उचलून नेण्याजोगा एक लहान असे दोन घरात आले, तेव्हा कडूबाईने आपलं अंथरूण त्या खोलीतून बाहेर आणलं. करोनाच्या साली गल्लीत ज्या घरी सिलिंडर गेला होता, त्या घरातलं माणूस राहिलं नव्हतं. तिने जुन्या साडीचा झगा शिवून त्या लोखंडाला घातला, तेव्हा कुठे ती त्या खोलीत झोपू लागली. पण तिला त्याहून अवघड गेलं ते डॉक्टरीणबाईंचं शेवटचं वाक्य. चढावर सोबत जायचं कोणी? मुलगा संघपाल चितेगावच्या कारखान्यातून येईतो दिवेलागण व्हायची. तिचे स्वतःचे गुडघे दोन जिने चढताना रडायचे. राहिली संध्या.

आणि संध्याच्या पळण्याचा विषयच तर घरात दोन वर्षं बंद होता.

पिशोरला माहेरी असताना संध्या पहाटे शेतातल्या पांदीने पळायची. पोलीस भरतीचं मैदान, म्हणजे धावण्याची चाचणी, तिने एकदा मारत आणलं होतं, आठशे मीटरला थोडक्यात हुकली. मग लग्न झालं. पहाडसिंगपुऱ्यातल्या या गल्लीत आल्यावर आठवड्याभरातच तिने विचारलं, "आत्या, सकाळी जरा पळून येऊ का?" कडूबाईने भाकरी थापता थापता मान वर न करता सांगितलं, "आपल्या गल्लीत सुना पळत नसत्यात." विषय तिथेच मिटला. संघपालला विचारलं तर तो म्हणाला, आई म्हणेल तसं. यंदा भरती निघाली तेव्हा संध्याने अर्ज भरला, रात्री पुस्तक घेऊन बसू लागली, त्याला कुणी ना म्हटलं नाही. पण पुस्तक वाचून मैदान मारता येत नाही हे तिला ठाऊक होतं. अंथरुणावर पडल्या पडल्या ती मनातल्या मनात पांदीने पळायची, आणि मध्येच दम लागून जागी व्हायची.

म्हणून डॉक्टरीणबाईंचं म्हणणं घरी आलं त्या संध्याकाळी कडूबाईने संध्याला उंबऱ्यात थांबवलं. मग म्हणाली, "जा. पण एक ध्यानात ठेव. ह्यांचं डोकं दुखतंय तोवर. दुखणं थांबलं की पळणं थांबलं. माझा शब्द म्हंजे शब्द."

गल्लीजवळच्या लेणीच्या डोंगराला लागायच्या आधी एक वाट डावीकडे चढते. तिथे पायऱ्या नाहीत, नुसते दगड आणि वाळलेलं गवत. मोतीराम मान खाली घालून, डाव्या डोळ्यावर तळवा दाबून चढायचा. पहिल्या वळणापर्यंत दुखणं त्याच्या पुढे असायचं. मग छाती भात्यासारखी चालू लागायची, कानात रक्ताचा आवाज भरायचा, आणि दुसऱ्या वळणापाशी दोघं बरोबरीने चालत असायचे, तो आणि त्याचं दुखणं. संध्या पुढे पळत जायची, वरच्या खडकाला हात लावून परत यायची, त्याचा चेहरा बघायची, पुन्हा वर जायची. तो एकदा चढायचा तेवढ्यात तिचं तीनदा व्हायचं. बोलण्याइतका श्वास उरला तर तो जुन्या सवयीने ओरडायचा, "चला, पुढं सरका, पुढं सरका! मागं जागा करा!"

आणि मग कुठल्या तरी पावलाला ते सुटायचं. कुठल्या, हे त्याला कधीच सांगता आलं नाही. तो खडकावर बसायचा आणि डोळ्यावरचा हात काढायचा. खाली मकबऱ्याचा घुमट उन्हात विरघळल्यासारखा दिसायचा, त्यापलीकडे शहर धुळीच्या पातळ पडद्यामागे हलत असायचं, आणि कुठल्या तरी वस्तीतून जयंतीच्या लेझमीचा सराव वाऱ्यावर येत-जात राहायचा. सगळं नुकतंच धुऊन वाळत घातल्यासारखं वाटायचं. आपण जागे आहोत की एसटीच्या मागच्या बाकावर डुलकी लागली आहे, हे मोतीरामला त्या घडीला कळत नसे, आणि कळून घ्यायची घाईही नसे.

"कसं वाटतंय मामा?"

"शेवटचा थांबा आल्यावानी. समदे उतरून गेले. गाडी रिकामी."

ती हसायची. घाम पुसत उभी असलेली ती त्या उजेडात कुणाची सून वाटत नसे, आणि तो तिच्याकडे न बघता मकबऱ्याकडे बघत बसायचा, म्हणजे तिला आणखी एकदा खडकापर्यंत जाऊन यायला संकोच नको.

एक दिवस मात्र चढ कामी आला नाही. दुसरं वळण गेलं, तिसरं गेलं, आणि मोतीराम गुडघ्यावर बसला. त्याने खडकाला डोकं टेकवलं आणि तो कण्हू लागला. उठायचा, दोन पावलं चालायचा, पुन्हा बसायचा. संध्याने त्याचे हात धरायला पाहिलं, तर त्याने ते झटकले.

तिने घरी फोन लावला. "आत्या, लहान सिलिंडर दारात काढून ठेवा. मास्क पण. मी आलेच."

"रिक्षानं येते का मी घेऊन?"

"रिक्षा वर चढत नाही. मीच येते."

आणि ती सुटली.

कडूबाई सिलिंडर मांडीशी धरून ओट्यावर उभी होती. गल्लीच्या तोंडाशी उतार दिसतो, त्या उतारावरून कुणीतरी येत होतं. धूळ उडत नव्हती, पावलांचा आवाज नव्हता. एक पोरगी वाऱ्यावर सोडल्यासारखी खाली येत होती, कोपर अंगाला घट्ट, मान स्थिर, आणि मावळतीचं ऊन तिच्या मागून येत असल्याने चेहरा दिसत नव्हता. कोण गं ही, असं कडूबाईच्या मनात आलं, आणि ही कुणाची का असेना, थांबू नये, असंही आलं. दारापुढची बायामाणसं उठून उभी राहिली. पोरगी ओट्यासमोर येऊन थांबली तेव्हा ती संध्या होती.

"द्या इकडे."

"वझं हाय. थांब." कडूबाईने दोरीवरची साडी ओढली. वावरात निंदायला जाताना पाठीशी पोर बांधायची तसा तिने सिलिंडर सुनेच्या पाठीला बांधला, छातीवर गाठ मारली, ती ओढून बघितली. "जा. पळ."

हा शब्द तिच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा त्या सुरात गेला असेल. संध्या वळली आणि चढाला लागली. कडूबाई गुडघे धरत, थांबत, स्वतःलाच शिव्या घालत तिच्या मागून निघाली.

कडूबाई वर पोहोचली तेव्हा मोतीराम खडकाला पाठ लावून ताठ बसला होता. तोंडावर मास्क, डोळे मिटलेले. संध्या त्याच्या शेजारी उकिडवी बसून मास्कची कड गालाशी दाबून धरत होती. सिलिंडरचा फुस्स असा एकसारखा आवाज तेवढा येत होता. कडूबाई बसली. दगड अजून ऊबदार होते, वर लेणीच्या तोंडाशी सावली जमत होती, आणि त्या फुसफुसण्यात तिघांनाही गुंगी आल्यासारखं झालं. कडूबाईला वाटलं, असंच बसून राहावं, खाली कुणी वाट बघत नसावं. मोतीरामच्या कपाळावरची शीर हळूहळू खाली बसली. त्याने डोळे उघडले आणि बायकोला डोंगरावर बघून मास्कच्या आतून हसला.

"तू काहून आली?"

"मकबरा बघाया," ती म्हणाली.

उतरताना ती सुनेचा हात धरून उतरली. पळण्याबद्दल तिने अवाक्षर काढलं नाही. एकदाच तिने खाली बघत विचारलं, "ह्या बुटाला खाली काही उरलंय का गं?" आणि उत्तराची वाट न बघता पुढचा दगड चाचपला.

त्यानंतर काही दिवसांनी पाव्हणा गेला. नेहमीसारखाच, न सांगता. एका दुपारी डोळ्याला पाणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मोतीराम हरखून गेला, त्याने गल्लीतल्या पोरांना बोलावून कलिंगड कापून वाटलं. संघपालने कारखान्यातून फोन करून विचारलं, सिलिंडर परत द्यायचा का, भाडं कशाला भरायचं. तरी चारेक दिवस जाऊ देऊ, असं ठरलं, आणि तेही गेले.

संध्याने बूट धुतले, वाळवले आणि कागदात गुंडाळून कपाटावर ठेवले. सासऱ्यावर तिचा जीव होता. भिंतीवर आपटणारं ते कपाळ तिने आपल्या हातांनी आवरलं होतं. आणि तरी रोज उन्हं कलायला लागली की तिची नजर त्याच्या डाव्या डोळ्याकडे जायची, तिथे पाणी दिसतंय का बघायची, आणि ते दिसलं नाही की ती खट्टू व्हायची. तिला स्वतःची अशी लाज वाटली की तिने त्याच्यासमोर चहा नेऊन देणंच सोडलं. सासूचा शब्द म्हणजे शब्द. आजवर तो एकदाही मागे गेलेला या घराने पाहिला नव्हता.

त्या दिवशी चहा कडूबाईने आणला. तिघांचे कप मांडले, संध्याला हाक मारून बसवून घेतलं. दारातून कडुनिंबाचा वास येत होता, गल्ली अजून दुपारच्या झोपेतून पुरती उठली नव्हती. मोतीरामने चहा प्यायला, कप खाली ठेवला, ओठ पुसले आणि समाधानाने मांडी बदलली.

"डोकं दुखतंय तुमचं," कडूबाई म्हणाली.

"नाय. अजिबात नाय."

"दुखतंय."

"अगं, माझं डोकं हाय. मला कळंल का तुला?"

"तुमाला काय कळतंय? तोंड बघा कसं उतरलंय. उठा, चपला घाला."

मोतीरामने तिच्याकडे बघितलं. मग सुनेकडे. संध्याचा कप हातातच राहिला होता. हळूहळू, हात कुठे न्यायचा याची नीट खात्री नसल्यासारखा, मोतीरामने तळवा कपाळाला लावला.

"व्हय गं," तो म्हणाला. "जरासं लागलंय खरं."

कडूबाई उठली, कपबश्या गोळा करू लागली. शेवटी संध्याच्या हातातला कपही तिने काढून घेतला.

"मैदान कवा हाय म्हणली तू?"

"जूनमध्ये. म्हणजे, तसं म्हणतात."

"मग जूनपावतर दुखंल," कडूबाई म्हणाली, आणि कप घेऊन आत गेली.