एक्स-रेच्या दारातल्या रिकाम्या खुर्च्या

मी सात नंबरची व्हीलचेअर बोलतेय. मामा मला 'सातवी' म्हणतात. मामा म्हणजे दवाखान्यात मला ढकलणारे. अकरा वर्षांची आमची जोडी आहे. माझी चाकं कुरकुरतात, त्यांचे गुडघे.

आम्ही दोघं आहोत म्हणून हा दवाखाना चाललाय, अशी माझी ठाम समजूत होती. माणूस दारात आला, बसवला, नेला, संपलं.

एका सकाळी एक म्हातारे शिंपीकाका धापा टाकत आले. दारात एकही खुर्ची नव्हती. सोबत आलेली मुलगी त्यांना धरून चालवायला लागली आणि काका जिन्यापाशी कोसळले. वाचले, पण अगदी थोडक्यात. आणि तेव्हा मी कुठे होते? एक्स-रेच्या खोलीबाहेर, रिकामी. माझ्यासारख्या आणखी आठजणी तिथेच भिंतीला टेकून. ऐकलं तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आणखी वीस खुर्च्या मागवा," मोठे डॉक्टर म्हणाले.

पण दवाखान्याचं काम कसं चालतं ते बघायला आलेल्या इंजिनिअर ताई म्हणाल्या, "आधी मला तीन दिवस द्या." आणि चक्क माझ्यात येऊन बसल्या. "मामा, मी पेशंट आहे. रोज नेता तसंच न्या."

मामांनी त्यांना एक्स-रेपाशी सोडलं आणि घाईने दाराकडे परतले. ताई चाळीस मिनिटं बसून होत्या. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मग त्या एकेकाला विचारत सुटल्या.

फोटो काढणारा म्हणाला, "फोटो निघाला की माझं काम झालं. खुर्ची मामांची."

मामा म्हणाले, "मी इथे थांबलो तर दारातल्या माणसाला कोण बघणार?"

सफाईवाल्या मावशी म्हणाल्या, "फरशी पुसताना रोज या खुर्च्या बाजूला सारते मी. दारात कमी पडतात, हे मला कुणी सांगितलंच नाही."

तिसऱ्या दिवशी ताईंनी जेवणाच्या खोलीत भिंतभर कागद लावला. त्यावर दार होतं, चिठ्ठीची खिडकी, लिफ्ट, एक्स-रे, औषधांची खिडकी. मामा होते, मावशी होत्या, पेशंटला धरून चालणारी मुलगीसुद्धा होती. सगळ्यांमधून रेघा धावत होत्या. त्या गर्दीत मी म्हणजे एक टिंब. एक माणूस बरा होऊन घरी जायला इतके हात लागतात! मी बघतच राहिले. माझा सगळा तोरा उतरला, आणि तरी ऊर भरून आला.

"प्रत्येकाचं काम चोख आहे," ताई म्हणाल्या. "हरवतंय ते दोन कामांच्या मधे."

मोठे डॉक्टर चष्मा पुसून पुन्हा कागदापाशी गेले. "तीस वर्षं इथे आहे. हे सगळं एकत्र आज पहिल्यांदा बघतोय."

मग मावशी म्हणाल्या, "सारायच्याच आहेत, तर मी दाराकडे सारते की."

"आणि मी परतताना एक घेऊन येईन," मामा म्हणाले.

वीस खुर्च्या मागवाव्या लागल्या नाहीत. त्यानंतर दारात कुणाला ताटकळावं लागल्याचं मी तरी पाहिलं नाही.

आता माझं पुढचं चाक लंगडतं, बैठक उसवलीय. लवकरच माझी रवानगी अडगळीत होईल. तक्रार नाही. एवढंच मागते: कुठे रिकामी खुर्ची दिसली, तर तिला दारापर्यंत ढकला. बाहेर कुणीतरी आत्ताच गाडीतून उतरत असेल.