‘जैनब’च्या चार शर्यती

माणसाने आकाश जिंकलं, असं म्हणतात. हे विधान सर्वसाधारणपणे खरं आहे. त्यात यूनुसभाई परकारांचं विमान धरलेलं नाही, एवढंच. लागोपाठ तीन शर्यतींत ते शेवटचं आलं, आणि त्यातल्या एका शर्यतीत त्याच्या पोटात पाटा-वरवंटा होता.

मूळचे हर्णैचे यूनुसभाई राहतात शारजात, अल मजाजला, आमच्याच इमारतीत; आणि त्यांचा कारखाना दुबईत, अल क्वोजला. कारखान्यात स्वयंपाकघरातली कपाटं बनतात. कपाटं बनवता बनवता विमान का बनवावंसं वाटलं, असं विचारलं की ते सांगायचे, प्लायवूड उरलं होतं. हे अर्थातच खोटं. विमानासाठी लाकूड त्यांनी खास मागवलं, उडवायला रीतसर शिकले, इंजिन एका जुन्या फोक्सवॅगन मोटारीचं मिळवलं. आणि सुट्टीच्या दिवशी बाकीचं मजाज खाडीकाठी चणे खात फिरत असताना ते आणि त्यांचा हेड सुतार रामचंद्र कारखान्याच्या मागे पंखांना पॉलिश पेपर मारत बसले. परवानग्या मिळायला विमान बांधण्याइतकाच काळ गेला. शेवटी एका माणसापुरतं, पांढरं, नाक किंचित वर करून बघणारं विमान तयार झालं. सीटच्या मागे सामानाला चौकोनी जागा होती, आणि तिच्या झाकणाला कपाटाचीच बिजागरी, ढकललं की आपोआप हळू मिटणारी. असं झाकण असलेलं विमान जगात दुसरं नसावं. असल्यास त्या माणसाशी यूनुसभाईंना बोलायचं आहे.

घरात शांतता राहावी म्हणून विमानाला बायकोचं नाव दिलं. शांतता काही राहिली नाही.

हौशी वैमानिकांचा एक क्लब दर हिवाळ्यात छोट्या विमानांची शर्यत भरवतो. उम्म अल क्वैनच्या बाजूच्या धावपट्टीवरून निघायचं आणि अल ऐनच्या बाहेर वाळवंटातल्या धावपट्टीवर उतरायचं. पद्धत अशी की सर्वांत हळू विमान सर्वांत आधी सोडायचं आणि सर्वांत वेगवान सर्वांत शेवटी. कोण किती हळू, ते क्लब आधी ठरवतो. हिशोब बरोबर असेल तर सगळी जवळपास एकदमच पोहोचतात. ठरलेल्यापेक्षा जो बरा उडाला तो जिंकला, जो वाईट उडाला तो शेवटी.

पहिल्या वर्षी क्लबने ‘जैनब’ची चाचणी घेतली ती रिकामं विमान उडवून. आमच्या लोकांत रिकामं कोणी कुठे जात नाही, हे क्लबला कोणी सांगितलं नव्हतं.

यूनुसभाई अल ऐनला चाललेत, ही बातमी इमारतीत पसरायला लिफ्टची एक फेरी पुरली. अल ऐनला प्रत्येकाचं कोणी ना कोणी असतंच. जैनबभाभींची सख्खी खाला, म्हणजे मावशी, तिथे, तिला सुकट. रामचंद्राचा मेहुणा तिथे, त्याला कुळथाचं पीठ आणि कोकम. सातव्या मजल्यावरच्या रोशनच्या सासूबाई तिथे, त्यांना गुडघ्याचा पट्टा. प्रत्येकजण पिशवी पुढे करताना एकच वाक्य बोलला, “एवढंसंच आहे.” यूनुसभाई वजनाची मर्यादा काटेकोर पाळत, मर्यादेपर्यंतची जागा मात्र वाया जाऊ देत नसत. ‘जैनब’ सुकट, पीठ आणि पट्टा घेऊन उडाली आणि शेवटची आली.

दुसऱ्या वर्षी लोकांना आधीपासून माहीत होतं, त्यामुळे तयारी चांगली झाली. विमान पुन्हा शेवटचं; पण स्वागत पाहण्यासारखं. जिंकलेल्या परदेशी वैमानिकासाठी टाळ्या वाजवायला त्याची बायको एकटी होती, आणि ‘जैनब’ दिसताच पार्सलवाल्यांचा अख्खा घोळका धावपट्टीकडे सरकला. तो वैमानिक बराच वेळ विचारत होता की हा शेवटचा आलेला गृहस्थ कोण आहे.

तिसऱ्या वर्षी फक्त एकच वस्तू न्यायची, असं यूनुसभाईंनी जाहीर केलं. ती वस्तू म्हणजे पाटा-वरवंटा. मिक्सरमधलं वाटण खालाच्या घशाखाली उतरत नव्हतं. जैनबभाभींचं म्हणणं, तुम्हीच म्हणालात ना एक, मग ही एकच आहे. वाटेत ‘जैनब’ इतकी खालून गेली की एका उंटाने मान वर न करता तिच्याकडे पाहिलं, असं यूनुसभाई स्वतः सांगतात.

त्यानंतर क्लबकडून निरोप आला. तीनदा शेवटचं आलेलं विमान चौथ्यांदाही शेवटचं आलं, तर पुढे त्याला शर्यतीत घेतलं जात नाही.

हे ऐकून जैनबभाभींनी जेवणाच्या टेबलावर आपला निर्णय सांगितला. दर वर्षी भोंग्यावर त्यांचं नाव शेवटी पुकारतात आणि ते त्यांना आवडत नाही. शिवाय कारखान्याच्या मागच्या जागेत त्यांना शोरूम करायची होती, आणि त्या जागेत विमान बसलं होतं.

“शर्यतीत आहे तोवर ते विमान,” त्या म्हणाल्या. “शर्यतीतून काढलं की ते कपाट. आणि मोडून दुसरीकडे न्यायला कपाटाला काही होत नाही.”

यूनुसभाईंनी हो म्हटलं. लग्न टिकवलेला माणूस दुसरं काय म्हणणार? पण त्या दिवसापासून ते बदलले. लिफ्टऐवजी जिन्याने येऊ लागले. शर्यतीची तारीख विचारली की “इन्शाल्ला, बघू” म्हणायचे. रोशनच्या मुलीच्या बारशालासुद्धा गेले नाहीत, कारण तिथे सासूबाई येणार होत्या. आणि शर्यतीच्या आदल्या दिवशी जैनबभाभींनी खालासाठी सांदणं उकडायला घेतली, तेव्हा त्यांनी संसारात पहिल्यांदाच नाही म्हटलं.

“मग खालाला काय सांगू?”

“सांग, विमान भरलंय.”

“कशानं?”

“माझ्यानं.”

भाभींनी त्यांच्याकडे वरून खाली पाहिलं आणि हे एक कारण त्यांना पटल्यासारखं दिसलं. तरीही सांदणं उकडली गेलीच.

शर्यतीच्या सकाळी धावपट्टीवर सगळे हजर. तारीख कोणी फोडली ते कळलं नाही; रामचंद्र तेवढा नजर चुकवत होता. यूनुसभाईंनी हात जोडले आणि एकेक पिशवी परत केली. लोकांनी त्या परत घेतल्या नाहीत, रामचंद्राच्या पायाशी ठेवल्या, न जाणो शेठचं मन बदलेल. तिथे चांगला ढीग झाला. सांदणांचा डबा सर्वांत वर.

मग यूनुसभाई विमानात चढले, तर सीटशेजारी एक लहानशी काळी वस्तू, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून चिकटपट्टीने बांधलेली. वर नाव नाही. त्यांनी बायकोकडे पाहिलं. भाभींनी अल्लाची शपथ घेतली. त्यांनी ती वस्तू हुंगली. वास नव्हता, म्हणजे सुकट नव्हे. हलवून पाहिली, आवाज नव्हता. कोणाचं तरी औषध असणार, किंवा रोशनच्या सासूबाईंच्या दुसऱ्या गुडघ्याचं काहीतरी.

“हे ज्याचं असेल त्याला दे,” असं म्हणून त्यांनी ती रामचंद्राच्या हातात दिली. रामचंद्राने ती ढिगावर ठेवली.

आता क्लबच्या आणखी एका पद्धतीबद्दल सांगायला हवं. तीन शर्यती झालेल्या विमानाची चाचणी क्लब पुन्हा घेत नाही. मागच्या तीन शर्यतींत ते जसं उडालं तोच त्याचा वेग धरतो. म्हणजे ‘जैनब’चा वेग ठरला तो सुकट, पीठ आणि पाटा-वरवंटा धरून. कागदावर आलेला आकडा बघून क्लबच्याच माणसाने तो पुन्हा तपासला म्हणतात. त्या हिशोबाने ‘जैनब’ला बाकीच्यांच्या इतकं आधी सोडलं की ती उडाली तेव्हा बरेच वैमानिक अजून नाश्ता करत होते.

आणि या वेळी ती रिकामी होती. यूनुसभाई सांगतात, चाकं जमिनीवरून सुटली तेव्हा त्यांना आधी वाटलं की काहीतरी तुटलं. शर्यतीत विमान असं उचललं जातं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. आपण काय बनवलंय, ते त्यांना बनवल्यावर चौथ्या वर्षी कळलं. दुबईचे मनोरे उजवीकडे कुठेतरी धुरकट राहिले, मग नुसती तांबडी वाळू. ते गाणंही म्हणत होते. कोणतं ते सांगत नाहीत.

अल ऐनच्या धावपट्टीला टॉवर नाही. उतरणाऱ्याने रेडिओवर आपणच सांगायचं आणि दुसरं कोणी नसेल तर आपणच ऐकायचं. यूनुसभाईंनी सांगितलं, ऐकलं, आणि शेवटची पांढरी रेघ ओलांडून ते उतरले. तिथे चिटपाखरू नव्हतं. क्लबची माणसं हिशोबाप्रमाणे यायची होती, म्हणजे बऱ्याच उशिरा. सावलीत एका घडीच्या खुर्चीवर फक्त खाला बसली होती. ती कोणाच्याच हिशोबावर विश्वास ठेवत नाही, म्हणून दर वर्षी सर्वांच्या आधी येते.

विमान शेडच्या आड लावून यूनुसभाई हसत पुढे गेले. खालाने आधी त्यांच्या हातांकडे पाहिलं, मग त्यांच्या मागे पाहिलं. मग थर्मासमधून चहा ओतून दिला, कारण रीत ती रीत.

बऱ्याच वेळाने क्लबचा फहद आला. अल ऐनचाच, धिप्पाड, अंगातला पायघोळ कंदुरा कडक इस्त्रीचा, आणि बहुतेक अरबांसारखं कामापुरतं हिंदी बोलणारा. त्याने पडदा लावला, त्यावर सगळी विमानं ठिपक्यांच्या रूपात सरकू लागली. मग खरी विमानंही आली. पहिलं उतरलं ते त्याच परदेशी वैमानिकाचं. फहद त्याच्यासाठी टाळ्या वाजवत वळला, तर सावलीत यूनुसभाई चहा पीत बसलेले.

“तुम इधर?” फहद म्हणाला. त्याने पडद्याकडे बोट केलं. ‘जैनब’चा ठिपका उम्म अल क्वैनला होता, तसूभरही न हललेला. पडद्याच्या मते यूनुसभाई अजून निघालेच नव्हते.

त्यांच्या लक्षात सगळं तेव्हा आलं. त्यांनी रामचंद्राला फोन लावला, तर पलीकडून तिथे ढिगापाशीच बसलेली त्यांची नात यम्ना बोलली. ती सकाळपासून हेच मोबाइलवर बघत होती.

“नाना, यू आर स्टिल हिअर,” ती म्हणाली. “यू आर अंडर द सांदण.”

जिथे विमान तिथे ठिपका दाखवणारं क्लबचं यंत्र दर शर्यतीत प्रत्येक विमानात ठेवतात. आजवर ते पिशव्यांच्या भाऊगर्दीत, नाहीतर पाट्याच्या आड, कधी दिसलंच नव्हतं. या वर्षी विमान रिकामं होतं म्हणून दिसलं, आणि दिसलं म्हणून पार्सल समजून परत केलं गेलं. रामचंद्राने नंतर सांगितलं, ढिगाखाली हिरवा दिवा लुकलुकत होता. त्याला वाटलं, नवीन काहीतरी गुडघ्याचं असेल.

फहदला वाईट वाटलं. पण नियम सरळ होता. विमानाने रेघ ओलांडली हे एक तर यंत्राने सांगावं, नाहीतर पाहणाऱ्या माणसाने. दोन्ही नसेल तर ते विमान शेवटचं. आणि ‘जैनब’ शेवटची म्हणजे काय, ते यूनुसभाईंना माहीत होतं. मागच्या जागेत शोरूम कुठवर येईल, त्याच्या खुणा भाभींनी खडूने करून ठेवल्या होत्या.

“पाहिलं कोणी?” फहदने विचारलं.

यूनुसभाईंनी खालाकडे पाहिलं. खालाने ओढणी सारखी केली. तिने थर्मासचं झाकण लावलं, ते नीट बसलं की नाही ते पाहिलं, आणि मग तोडक्या हिंदीत सुरुवात करून ती आपल्या बोलीवर आली.

“आला खरा. मी पाहिलं. पण रिकाम्या हातांनी आला. आमच्यात त्याला आला म्हणत नाहीत.”

यूनुसभाईंनी तिचं बोलणं फहदला हिंदीत सांगितलं. जसंच्या तसं सांगितलं, एक शब्द न बदलता. इथे त्यांच्या प्रामाणिकपणाला दाद द्यायला हवी.

फहदने गंभीरपणे मान हलवली. “हमारे में भी नहीं बोलता,” तो म्हणाला. मग थोडा विचार करून त्याने खालाला अदबीने विचारलं, माणसाचं राहू दे, विमानाची चाकं रेघेवरून गेली का? सर्वांत आधी?

खालाने थर्मास पिशवीत ठेवला आणि पिशवीला गाठ मारली.

“चाकं आली,” ती म्हणाली. “सगळ्यांच्या आधी आली. चाकांबद्दल माझी काही तक्रार नाही.”

“खलास,” फहद म्हणाला, आणि त्याने पहिल्या नंबरावरचं नाव खोडून तिथे ‘जैनब’ लिहिलं.

भोंग्यावर नाव पुकारलं गेलं, या वेळी सर्वांत आधी. परदेशी वैमानिकाने येऊन हात मिळवला. त्याच्या बायकोनेही टाळ्या वाजवल्या. यूनुसभाईंनी घरी फोन केला. जैनबभाभींनी सगळं ऐकून घेतलं आणि भोंग्यावर नाव नीट उच्चारलं का, तेवढं विचारलं. नीट उच्चारलं होतं. शोरूमचा विषय त्यांनी काढला नाही.

यूनुसभाई विमानाशेजारी उभे राहिले. ऊन कलत होतं आणि पांढऱ्या पंखांवर पडत होतं. आपण काहीतरी केलं, असं त्यांना वाटलं. हर्णैच्या माणसाने, कपाटवाल्याने, स्वतःच्या हातांनी बनवलेल्या लाकडी पाखरातून. आता या पाखराला कोणी कपाट म्हणणार नाही. ते वाळवंटाकडे बघत राहिले. मागून फहद आला आणि तोही शेजारी उभा राहून अदबीने थोडा वेळ वाळवंटाकडे बघत राहिला.

“यूनुसभाय,” तो शेवटी म्हणाला, “तुम वापस खाली जाता है ना?”

“हो. रिकामं. एकदम हलकं,” यूनुसभाई अभिमानाने म्हणाले.

फहदने पाठीमागे धरलेला खजुराचा डबा पुढे केला.

“उम्म अल क्वैन में मेरा खाला रहता है,” तो म्हणाला. “ज्यादा नहीं, हबीबी. इतनासाच है.”