स्वस्तातल्या मशीनचं चाक

मुंबईहून आलेल्या मिस्त्रीने कॉम्प्युटरचं मागचं झाकण काढून भिंतीला टेकवलं, तेव्हा शकुनला पहिल्यांदाच त्याच्या आतलं सगळं दिसलं. अकोल्यातल्या एका कापडगिरणीच्या पगार-कचेरीत ती कार्डांना भोकं पाडायची आणि त्यांचे गठ्ठे करून या मशीनला चारायची.

सदुसष्ट साली मशीन आलं, तेव्हा कारकुनांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पण साहेबच म्हणाले, हे सगळ्यांत स्वस्त मॉडेल, रडतखडत चालणारं. अर्ध्या गिरणीचा पगार हे करेल, अर्धा तुम्हालाच करावा लागेल. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. त्याच भरवशावर जुने कारकून नत्थुजींनी धामणगावला मुलीची सोयरीक पक्की केली. शकुनला शब्द टाकून इथे चिकटवलं होतं तेही नत्थुजींनीच.

मिस्त्री गप्पिष्ट निघाला. महागडं मशीन फारसं कुणी भाड्याने घेईना, म्हणून कंपनीने तेच मशीन आत हे बारकं चाक बसवून मुद्दाम हळू केलं नि स्वस्तात काढलं, असं तो हसत सांगत होता. मोठं चाक घातलं की दुप्पट पळतं, भाडं तेवढं वाढतं. बोलता बोलता त्याने पिशवीतून मोठं चाक काढलं.

शकुनने हातातला कार्डांचा गठ्ठा खाली ठेवला.

"सायबाले माईत हाये हे?"

"त्यांनीच तर मागवलंय."

"मंग हातानं करनाऱ्यायचं काय?"

मिस्त्रीने मोठं चाक बसवून त्यावर पट्टा चढवला.

मशीन कार्डं अशी गिळायला लागलं की शकुनचे हात पुरेनात. साहेब दारात येऊन बघत राहिले. तुझी नोकरी पक्की आहे, ते हलक्या आवाजात म्हणाले, मात्र एक तारखेला बाकीच्यांना नोटिसा मिळेपर्यंत बाहेर चकार शब्द नको. घरात कमावणारी ती एकटीच. तिने मान हलवली, आणि तिला स्वतःचीच किळस आली.

कारकुनांच्या खोलीत नत्थुजी चहा घेत बसले होते.

"काय झालं होतं मशीनले?"

"पट्टा ढिला होता, काकाजी."

"आता जोरात चालून राह्यलं म्हना."

"हो."

नत्थुजींनी कपातला अर्धा चहा बशीत ओतून बशी तिच्यापुढे सरकवली.

"बरं झालं बेटा. आता आपल्याले लवकर घरी जाता येईन."